शेवट जरा गोड करा म्हणे

आज सकाळी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. कथा आवडली, भाषा आवडली, सगळं आवडलं. "फक्त शेवट जरा गोड करा ना ताई, दिवाळी आहे." म्हणजे काय करू? नायिकेच्या हातात पणती देऊ?

अक्षता पडल्या की गोष्ट संपली, हे ठरवलं कुणी? आमच्या आत्यानं सत्तरच्या दशकात घरच्यांना न सांगता नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. घरात मुंज असो की बारसं, जेवणं झाली की तिची गोष्ट निघतेच. आजोबांनी वर्षभर तिचं तोंड पाहिलं नाही, मग गणपतीला निरोप धाडला, "जावयाला घेऊन ये." इथे सगळे हसतात, एखादी काकू डोळे पुसते, संपलं. पुढचं आतोबांचं महिनोन्‌महिने न बोलणं, गहाण पडून न सुटलेल्या पाटल्या, हे कुणी सांगत नाही. आत्या तेव्हा आत चहा टाकत असते.

देवलांचं 'संगीत शारदा' नाटक घ्या, 1899चं. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेलं शारदेचं लग्न मोडतं ते काही बापाला लाज वाटली म्हणून नाही, सगोत्र निघालं म्हणून! पोर जीव द्यायला जाते, तरुण कोदंड वाचवतो, त्याच्याशी लग्न, पडदा. देवलांचं धाडस मोठंच, वादच नाही. पण आपल्याला विकायला काढणाऱ्या बापाच्या घरी शारदा पुढे माहेरपणाला गेली असेल का हो? रामायणाचंही तेच. राज्याभिषेकाला थांबायचं, आरती करायची. सीतेला वनात सोडलं ते उत्तरकांडात. (ते प्रक्षिप्त, मागाहून घातलेलं आहे हे शिकवायला कृपया येऊ नका. ठाऊक आहे. सोयीचंही आहे.)

हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' कादंबरीतल्या यमूला बोहल्यावर सोडून दिलं नाही. सासर, वैधव्य, केशवपन, सगळं लिहिलं. तेही एकोणिसाव्या शतकात! आणि आम्हाला म्हणे दिवाळी आहे.

हो, दमूनभागून आल्यावर माणसाला गोड वाचावंसं वाटतं. मलाही वाटतं. असो.

दुपारी त्याच तिरमिरीत आत्याला फोन लावला. म्हटलं, गणपतीनंतरची तुझी गोष्ट लिहू का? हसली. "लिही की. पण गणपतीचं गाळू नकोस हं, ते खरंच छान झालं होतं." मग म्हणाली, आतोबांना सोवळं नेसता येईना, बिचारे मागच्या खोलीत घामाघूम. शेवटी आजोबाच आत गेले, दार लोटलं आणि एक अक्षर न बोलता जावयाला नेसवून बाहेर घेऊन आले.

इतकी कार्यं झाली घरात, हे एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. अरे, गोड भाग तरी पुरता सांगा!