बटण वर, बटण खाली

आमच्या बाथरूममधल्या नळाच्या तोटीवर एक बटण आहे, गणपतीच्या सोंडेवर मोदक ठेवावा तसं. ते वर ओढलं की आतला पडदा तोटीची वाट अडवतो आणि पाणी मुकाट्याने शॉवरकडे जातं. प्लंबर त्याला डायव्हर्टर म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसतं 'ते' म्हणतात. "आज 'ते' राहतंय का?"

राहत नव्हतं. डोक्याला शांपू चोळून डोळे मिटले की 'टक्' असा आवाज यायचा. वरची धार गायब आणि पायांवर गिझरचं कढत पाणी! मग आंधळ्या कोशिंबिरीसारखं चाचपडत बटण शोधायचं, वर ओढायचं आणि धरून ठेवायचं. ओणवं राहून एका हाताने आंघोळ केली की पाणी फक्त पाठीवर पडतं. त्या महिन्यात माझी पाठ घरात सगळ्यात स्वच्छ होती.

मग बटणाखाली कपड्यांचा चिमटा लावला. तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशी तो सुटून थेट साबणदाणीत जाऊन पडला. "बादलीला बटण नसतं," बाबा बाहेरून म्हणाले. ते आजन्म बादली-तांब्या पक्षाचे.

प्लंबर आला. हात न लावताच म्हणाला, "पूर्ण सेट बदला साहेब. टाइल फोडावी लागेल." टाइल हा शब्द ऐकताच बायकोने गॅसवरचा चहा बंद केला.

तेव्हा मीच अभ्यासाला बसलो. कळलं ते असं, की या बटणाला ना खिट्टी ना खाच. वर ओढल्यावर त्याला तोलून धरतो तो फक्त पाण्याचा दाब. आता दाब म्हणजे आमची दुखरी नस. आम्ही सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. फ्लॅट घेताना बिल्डरचा माणूस म्हणाला होता, "टाकी तुमच्या डोक्यावरच आहे, पाण्याची काळजीच नको!" दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, हे शाळेत शिकूनही मी मान डोलावली होती. टाकीतलं पाणी आमच्या शॉवरपासून जेमतेम 3 मीटर वर. पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे मात्र 2 बारचा धबधबा. वरच्या मजल्याचे जादा पैसे मोजून आम्ही दाब कमी करून घेतला होता.

त्यात टँकरचं पाणी. फडकं गुंडाळून पान्हा लावला, तोटी करकरत निघाली, आणि आत पांढऱ्या क्षारांची लेणी! वायसर उंदराने कुरतडल्यासारखा. तोटी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली, क्षार फसफसून निघाले. सकाळी त्या पातेल्याकडे बघून बायकोने विचारलं, "हे पातेलं आता कायमचं तुझं ना?"

हार्डवेअरवाल्याने वायसरचा अख्खा डबाच पुढे सरकवला. "बघा यातला कुठला बसतो." अर्धा तास मी सोनाराच्या दुकानात अंगठ्या बघाव्यात तसा वायसर बघत होतो.

टेफलॉन टेप गुंडाळून तोटी आवळली. घट्ट बसली तेव्हा तोंड बाजूच्या भिंतीकडे. सैल करून खाली वळवली की गळायची. पुन्हा काढा, पुन्हा टेप गुंडाळा. पाचव्या खेपेला ती घट्ट बसून खाली बघायला लागली.

बटण वर ओढलं. राहिलं! शांपू लावला, डोळे मिटले, 'टक्' झालं नाही. दोन्ही हातांनी आंघोळ करताना हातांचं काय करावं हे क्षणभर सुचेना.

फक्त वायसर जरा जाड निघालाय. नळ बंद केल्यावर बटण आपण होऊन खाली यायला हवं, ते येत नाही. संध्याकाळी लग्नाला निघालेले बाबा इस्त्रीचा झब्बा घालून पाय धुवायला गेले आणि त्यांनी नळ सोडला.

बाहेर आले तेव्हा झब्ब्यातून पाणी निथळत होतं.

"तुझा शॉवर," ते म्हणाले, "झाला बरं का दुरुस्त."