फोनला ऊन लागलं

ऊन मी म्हणत होतं. मे महिना, दुपारचे अडीच. परभणीतल्या एका रस्त्यावर निंबाच्या सावलीला लावलेल्या रसवंतीवर मी दोन ग्लास रस पिऊन बसलो होतो. पहिला तहानेचा, दुसरा हावरेपणाचा. पैसे द्यायला खिशातून फोन काढला, तर पडद्यावर एकच निरोप: फोन खूप तापला आहे, थंड होऊ द्या. कॅमेरा उघडेना. कॅमेरा नाही म्हणजे चरकाला सुतळीनं बांधलेला तो चौकोनी कोड टिपता येणार नाही, आणि कोड टिपता येणार नाही म्हणजे रस उधार. पाकीट चाचपलं. आत वाचनालयाची जुनी पावती आणि सासऱ्यांचा पासपोर्ट साइझ फोटो. दोन्ही चलनात नाहीत.

"राहू द्या सर, उद्या द्या," रसवाला म्हणाला. 'सर' म्हणाला, म्हणजे ओळखलं होतं. अनोळखी माणसाची उधारी एक वेळ पचते. मग त्यानं गोणपाट बाजूला करून बर्फाची लादी उघडी केली. "नाही तर ठेवा की ह्याच्यावर दोन मिन्टं. मीबी ठिवतो कधी कधी." मी ठेवणारच होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्यानं लादीचा तोच कोपरा फोडून घेतला आणि माझा फोन वाचला. तो वाचला होता हे मला संध्याकाळी कळलं.

खरं तर फोनचा काही दोष नव्हता. सकाळी सातला तो शंभर टक्के भरून माझ्याबरोबर निघाला होता. उन्हाळ्याची सुट्टी फक्त पोरांना असते. मास्तरांना सर्वेक्षण असतं. घरोघर जायचं, माणसं मोजायची, ॲपवर माहिती भरायची, फोटो चढवायचा. फोन गाडीच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये, तोंड सूर्याकडे. अंगात जाड काळं रबरी कव्हर, जे हिनं 'पडला तर फुटायला नको' म्हणून घेतलेलं. म्हणजे परभणीच्या मे महिन्यात स्वेटर. उन्हात अक्षर दिसत नाही म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण. नेटवर्कची एकच कांडी, त्यामुळे तो बिचारा सारखा टॉवरला हाका मारत होता. बाराच्या सुमारास बासष्ट टक्के दिसले, तर मला चैन पडेना. एका घरी पत्र्याच्या ओसरीत तो चार्जिंगला लावला. चार्जर कसला, तर जलद. वरून पत्रा तापलेला, खालून फरशी तापलेली, मधून वीज घुसतेय. आपल्या माणसाला आपण अशा ओसरीत जेवायलासुद्धा बसवत नाही.

घरी आल्यावर आईनं त्याला हात लावून पाहिला आणि निदान केलं. "ऊन लागलंय त्याला."

मग उपचार सुरू. आमच्याकडे ऊन लागलेल्या माणसाचा जो प्रोटोकॉल आहे तो सगळा फोनला लागू झाला. कैरीचं पन्हं तेवढं सुटलं. आईनं धुतल्या पातळाचा तुकडा ओला करून पिळला, त्यात फोन गुंडाळला आणि रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवला, जिथं एरवी आमचं मांजर दुपार काढतं. मांजराला उठवलं. शेजारी एक कांदाही ठेवला. आईचं शास्त्र चुकीचं नव्हतं बरं का. पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं, त्यावर मराठवाड्याचे सगळे माठ, रांजण आणि वाळ्याचे कूलर चालतात. फक्त माठ पाझरला तर चालतो, फोन पाझरला तर चालत नाही.

तेवढ्यात नांदेडला इंजिनिअरिंग करणारा भाचा सुट्टीला आलेला होता, तो आतून ओरडत आला. "मामा! वाळूत?" त्यानं फोन काढला, पुसला, कव्हर सोललं, बंद केला आणि पंख्याखाली पाटावर ठेवला. बास, म्हणाला, एवढंच करायचं. सावली, वारा, आराम. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये टाकायचा नाही. तापलेला फोन एकदम गार केला की गार तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं तसं त्याला आतून सुटतं.

मग त्यानं सेटिंगच्या आत, आणखी आत, वकिलाच्या कपाटासारख्या एका कप्प्यात शिरून बॅटरीची तब्येत काढून दाखवली. शहात्तर टक्के, म्हणजे नवी असताना जेवढं मावायचं त्यातलं तेवढंच आता मावतं. फोन दोनच वर्षांचा. ऐंशीच्या खाली गेली की बॅटरी म्हातारी समजायची असा या धंद्यातला रिवाज आहे, असं तो म्हणाला. माझी तर दोन उन्हाळ्यांतच पेन्शनीत निघाली होती.

"असं कसं झालं?"

"मामा, दुधावर साय धरते बघा. तसं." त्याचं म्हणणं असं: बॅटरीत लिथियम या बाजूकडून त्या बाजूकडे येरझाऱ्या घालत असतं. चार्ज करताना ग्राफाइट नावाच्या कार्बनच्या बाजूकडे जातं, वापरताना परत येतं. ग्राफाइटवर पहिल्या काही फेऱ्यांतच एक पातळ थर धरतो. तो लागतोच, त्याच्यामुळेच पुढचं सगळं सुरळीत चालतं. पण उष्णता मिळाली की ही साय जाड होत जाते, आणि त्यासाठी लागणारं लिथियम बॅटरीच्या भांडवलातून जातं. ते परत कामाला येत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. थंडीत बॅटरी रुसते, पण ऊब मिळाली की परत बोलायला लागते. उन्हात गेलेली जाते ती जातेच.

"म्हणजे दूध कमी होतं आणि साय वाढते."

"हां."

"मग लोणी कधी काढायचं?"

भाचा काही बोलला नाही. पुढची पिढी अशा वेळी फक्त फोनकडे बघते. इथं तर तोही बंद होता.

नंतर त्यानं एक कोष्टक दाखवलं आणि माझी झोप उडाली. बॅटरी चाळीस टक्के भरून २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवून दिली, तर साधारण ९६ टक्के ताकद उरते. तीच ४० अंशांत ठेवली तर ८५. आणि पूर्ण शंभर टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर ६५. वापरायचीसुद्धा गरज नाही; नुसती भरून उन्हाळ्यात ठेवायची. एक नामांकित कंपनी तर सांगते की आमच्या फोनला १६ ते २२ अंश मानवतात, ३५ च्या वर नेऊ नका. ३५ अंश म्हणजे आमच्याकडं मे महिन्यात रात्री अंगणात खाट टाकताना लोक म्हणतात, 'आज जरा बरं हाय.' 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही अभिमानानं म्हणतो खरं, पण बॅटरीला विचाराल तर ती पहिल्या नावाला पसंती देईल.

ऊन मी समजू शकतो. ऊन आमच्या बापाच्याही हातात नव्हतं. पण ते 'पूर्ण भरून' प्रकरण मला लागलं, कारण तो थेट आमच्या संस्कारांवर घाव होता.

मराठवाड्याच्या माणसाला अर्धं भरलेलं भांडं बघवत नाही. नळाची वेळ झाली की आमच्या घरात युद्धपातळीवर भरती होते. रांजण, हौद, बादल्या, घागरी, कळशा, पातेली, प्रेशर कुकर, पूजेचा तांब्या. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली तिकडच्या मावशीनं लेकराच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरून माळ्यावर ठेवल्या होत्या. अजूनही तिच्याकडे गेलं की चहाच्या आधी ती भरलेली भांडी दाखवते, जसं कोकणातले लोक बाग दाखवतात. आणि विजेचं तेच. माझं कॉलेजचं वय बारा-बारा तासांच्या भारनियमनात गेलं. लाइट आली रे आली की कोण गिरणीकडे पळायचं, कोण मोटार चालू करायला रानात, कोण इस्त्री घेऊन बसायचं. पुढं घरात मोबाइल आले, तर तेही त्याच रांगेत लागले. चार्जिंगला लावणं हे आमच्यासाठी पाणी भरण्यासारखंच आहे. आलंय तोवर भरून घ्या. मिळेल तेव्हा घ्या, काठोकाठ घ्या, आणि उशाशी घेऊन झोपा. शंभर टक्के दिसले की पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

आणि आता शास्त्र सांगतं की बॅटरीला अर्धपोटी राहायला आवडतं. वीस ते ऐंशी. जसा एखादा पथ्यावरचा पाहुणा, 'नको वैनी, अर्धीच भाकर,' म्हणतो आणि वैनीचा अपमान होतो.

तात्यांच्या फोनचं मात्र वेगळं झालं. तात्या म्हणजे माझे चुलते, पाथरीकडं शेती. त्यांचा फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर राहायचा. दिवसभर भक्तिगीतं, इंजिनाची ऊब खालून, सूर्याची वरून. माझ्या फोनचं ऐकून त्यांनी आपलाही आणला. मागचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलेलं. तात्यांनी अनुभवी नजरेनं बघितलं. "पोट फुगलंय. आपल्या ढवळ्याचं फुगलं तवा डाक्टरनं बरगडीमागं सुई घातली, भस्सकन वारा गेला, बैल उठून कडबा खायला लागला." असं म्हणून त्यांनी सदऱ्याची सेफ्टी पिन काढली.

भाच्यानं घेतलेली उडी मी आयुष्यात विसरणार नाही. आत वारा आहे हे तात्यांचं बरोबर होतं, उष्णतेनं आतलं रसायन बिघडून वायू धरतो. पण तिथं टोचलं की आतले पदर एकमेकांना चिकटतात आणि बॅटरी पेट घेते. बैल उठून कडबा खातो; हिच्यात कडब्याची गंज जाते. तो फोन चार्जरपासून कायमचा सोडवला, अंगणात एकट्याला लोखंडी घमेल्यात ठेवला आणि सकाळी दुकानात नेला. तात्या रात्रभर त्याच्याकडे गाभण म्हशीकडे बघावं तसे मधून मधून बघून येत होते.

दुकानात माझाही नेला. दुकानदार पोरगा विशीच्या आतला, कपाळावर केसांचा फडा. मी त्याला सविस्तर हकिकत सांगितली: ऊन, ओसरी, कव्हर, कोष्टक. उष्णता हाच कसा बॅटरीचा वैरी आहे हे मी वर्गात सांगतो तसं दोनदा सांगितलं. त्यानं शांतपणे माझा फोन घेतला आणि एका तापलेल्या पाटीवर ठेवला.

"अरे, अरे!"

"सर, गोंद सुटत नाही तापवल्याशिवाय. तुमचा फुगलेला नाही, काही होत नाही." आणि खरंच, तव्यावरचा पापड उलटावा तसं त्यानं झाकण उचललं. चार दिवस मी ज्याला पंख्याखाली पाटावर ठेवलं, त्याच्यावर शेवटचा उपचार शेक देऊनच झाला. नवी बॅटरी बसली. जुनी हातात घेऊन बघितली. चांदीसारख्या कागदाच्या पाकिटासारखी, आणि एवढ्या सगळ्या भानगडी करणारी वस्तू इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. ती ई-कचऱ्याच्या डब्यात गेली, तात्यांची वेगळ्या डब्यात, वाळूत.

आता घरात नवा कायदा आहे. फोन शर्टाच्या खिशात, नाहीतर सावलीत. चार्जिंगला कव्हर काढून. होल्डर मी हँडलवरून काढला आणि भाच्यानं ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबण्याची सोय लावून दिली. तिथंच आईचं आणि माझं बिनसलं.

"ऐंशीवर अडकलंय बघ. चार्जर बिघडला."

"बिघडला नाही, मीच थांबवलंय."

"का?"

मी तिला साय सांगितली, कोष्टक सांगितलं. शेवटी म्हटलं, ज्या तिघांना या लिथियम बॅटरीसाठी २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातल्या एकाचं आडनावच गुडइनफ. म्हणजे 'पुरे एवढं.' सत्त्याण्णवाव्या वर्षी मिळालं त्यांना, एवढ्या वयात कुणालाच मिळालं नव्हतं.

"आहेत का अजून?"

"गेले २०२३ ला. शंभर वर्षं जगले."

"बघ," आई म्हणाली. "सोता शंभर भरूनच गेला की."

यावर नांदेडच्या इंजिनिअरिंगमध्येही उत्तर नाही.

काल रात्री पावणेदहाला मेसेज आला: उद्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा देखभालीच्या कामासाठी लाइट बंद. उद्या पारा पंचेचाळीस सांगितलाय. आणि नळाचाही उद्याच दिवस. मी फोन हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसलो. एकोणऐंशी टक्के. गल्लीत पायऱ्यांवरून घागरी घासल्याचे आवाज यायला लागले होते, शेजारच्यांची मोटार चालू झाली, समोरच्या खिडकीत एकाच बोर्डाला चार चार्जर लागलेले दिसले. मी सेटिंगमध्ये गेलो आणि ऐंशीची मर्यादा काढून टाकली.

पहाटे तीनला उठून बघितलं. शंभर. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाहेर आई रांजणावरचं फडकं भिजवून पसरवत होती. माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली,

"भरला का? आण इकडं, त्याला पण एक टाकते."