रुसायला समोर कुणीतरी लागतं

चुलत भावाने परवा घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. वर समईचं चित्र, खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: जगात खरा नास्तिक कुणी नसतो. नवस फळला नाही म्हणून देवावर रुसलेली माणसं स्वतःला नास्तिक म्हणवून घेतात. हे खूळ मूळचं परदेशातलं, आता आपल्याकडे फॅशन झालंय. देवाचं भय नसलेल्या माणसाच्या हातून कुठलंही पाप घडू शकतं. आणि खात्री करायची असेल तर आयसीयूच्या दारात जाऊन बघा, तिथे एकही नास्तिक सापडत नाही.

हाच मजकूर त्या आठवड्यात मला आणखी तीन ठिकाणांहून आला. एक तर आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवरूनच. पंचवीसेक अंगठे, चार नमस्कार.

बाकीचं मी सोडून दिलं असतं. पण मिरजेत अठ्ठावीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली निम्मी आयसीयूच्या दाराच्या आतल्या बाजूला. आणि त्यातली बरीच वर्षं मी देव मानत नव्हते. म्हणजे ‘एकही सापडत नाही’ म्हणणाऱ्याने फक्त बाहेरच्या बाकड्यावरच पाहिलेलं दिसतंय.

तर रुसण्यापासून सुरू करू.

माझं माहेर भिलवडीच्या अलीकडचं, कृष्णाकाठचं. घर दत्तभक्त. औदुंबर जवळ, पण अण्णांची पौर्णिमा नरसोबावाडीची. घरात ‘वाडी’ म्हटलं की दुसरी कुठली वाडी कुणाला आठवायची नाही. अण्णा यष्टीने जायचे, येताना कवठाची बर्फी आणायचे, आणि पुडा उघडायच्या आधी तो देवापुढे ठेवावा लागायचा. सहावी-सातवीत असताना मला गुरुचरित्र वाचायचं होतं. अण्णा पारायणाला बसले की मी उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचे. बायकांनी पोथीला हात लावायचा नसतो, एवढंच उत्तर मिळालं. राग आला. रात्री पांघरुणात तोंड घालून दत्ताशी भांडले. म्हणजे अगदी शब्दांनी भांडले, ‘तू तरी सांग ना त्यांना’ असं.

मजकूर लिहिणाऱ्याला इथे सापडल्यासारखं वाटेल: बघा, बाई दुखावली होती. हो, होते. पण त्या रात्रीइतकी आस्तिक मी नंतर कधी नव्हते. भांडायला, रुसायला समोर कुणीतरी लागतं. अबोला धरायचा तरी तो कुणाशी? देवावर रुसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तरुण मुलगा गेलेली एक आई देव्हारा दोन वर्षं कापडाने झाकून बसली होती. कापड काढलं नाही आणि देव्हारा हलवलाही नाही. तिला नास्तिक म्हणणं हा तिचा अपमान आहे, आणि मला रुसलेली म्हणणं ही माझी थट्टा.

माझ्या बाबतीत असं काही घडलंच नाही. कुठला एक दिवस दाखवता येत नाही. फार तर २००५ हे वर्ष सांगेन. त्या जानेवारीत मांढरदेवला काळूबाईच्या जत्रेत सुमारे तीनशे माणसं चेंगरून आणि भाजून गेली. नवस फेडायलाच आलेली माणसं ती. मग पावसाळ्यात कृष्णा चढली. आम्ही तेव्हा सांगलीत कर्नाळ रस्त्याच्या बाजूला भाड्याने राहत होतो. घरात कमरेएवढं पाणी. गादी, मिक्सर, मुलीची दप्तरं, सगळं चिखलात. पाणी चढायला लागलं त्याच दिवसांत अण्णांचा फोन आला, आवाजात आनंद: वाडीला दक्षिणद्वार झालं गं! पुराचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं तो दक्षिणद्वार सोहळा. त्यात स्नान घडलं की मोठं पुण्य मानतात. अण्णांना आमच्या घरचं अजून कळलेलं नव्हतं, त्यांना दोष नाही. पण वाडी सांगलीच्या खाली आहे. नदी आधी आमच्याकडे येते, मग तिकडे जाते. आमची मोरी तुंबवून, कोठीतली ज्वारी नासवून निघालेलं पाणीच पुढे जाऊन तीर्थ होत होतं.

मला राग आला नाही. हसू आलं, आणि ते हसू जरा भीतीचं होतं. कारण पूर असं म्हटलं तरी पाणी तेवढंच आणि सोहळा म्हटलं तरी तेवढंच, हे एकदा दिसलं की न दिसल्यासारखं करता येत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षं मी सगळं करत होते. गुरुवार, आरती, संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणं. एका गुरुवारी ड्यूटीवरून येऊन जेवले आणि रात्री झोपताना लक्षात आलं, अरे, आज गुरुवार. छातीत धस्स होईल म्हणून थांबले. झालं नाही. बस्स, एवढंच.

आता परदेशी खुळाचं. यावर फार वेळ घालवत नाही, कारण उत्तर नकाशातच आहे. टेंभू म्हटलं की आमच्या जिल्ह्यात उपसा सिंचन योजना आठवते, खानापूर-आटपाडीला पाणी आलं ती. त्याच टेंभूत, कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठावर, १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. ईश्वर, परलोक, श्राद्धपक्ष यांबद्दल बुद्धीला पटेल तेवढंच मानणार, असं त्यांनी उघड लिहिलं आणि पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्याच नदीवर वर वाई आहे. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त आणि न्याय शिकून तर्कतीर्थ झालेले लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे देव न मानणाऱ्या मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे गेले, आणि तरीही धर्मशास्त्राचे ग्रंथ संकलित करणाऱ्या धर्मकोशाचं काम त्यांनी सोडलं नाही. मागे जायचं तर चार्वाक आहेच. पण आपल्याच जुन्या दर्शनांपैकी, वेद शिरोधार्य मानणारी मीमांसाही जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाही, आणि जुन्या सांख्यातही त्याच्यावाचून काही अडत नाही. हे मला कुणा परदेशी माणसाने सांगितलेलं नाही. निवृत्तीनंतर वाचनालयाची वर्गणी भरली, तिथे मिळालं.

फॅशनचा हिशोब तर आणखी सोपा. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार जणांनी स्वतःची नोंद नास्तिक म्हणून केली. १२१ कोटींत ३३ हजार. इतकी न चाललेली फॅशन मी तरी दुसरी पाहिली नाही. त्या ३३ हजारांत मीही नाही, हे सांगून टाकते. प्रगणक आले तेव्हा मी दिवसपाळीला होते. सासूबाईंनी घरातल्या सगळ्यांचं एकाच दमात सांगून चहाही पाजला.

भयाचा मुद्दा मला जास्त लागला. माझ्या हातात अठ्ठावीस वर्षं औषधांच्या कपाटाची किल्ली होती. मॉर्फिनचं एक इंजेक्शन फुटलं तरी रिकामी कुपी दाखवून वहीत दोन सह्या लागतात. ही वही देवाला न घाबरणाऱ्या सिस्टरसाठी वेगळी नसते. कपाटाच्या दारावर आतून गणपतीचा फोटो चिकटवलेला होता, तरी वही होतीच. देवाच्या भयावर सगळं चाललं असतं तर देवळातल्या दानपेटीला कुलूप कशाला लागलं असतं? आणि वही नसते तिथलं म्हणाल, तर पहाटे तीनला बेशुद्ध पेशंटची कूस बदलताना कुणी बघत नसतं. कंटाळा केला तरी चालतं, पाठीला जखम व्हायला दोन दिवस लागतात, तोवर आपली पाळी संपलेली असते. ती कूस मी आस्तिक असताना बदलायचे, नंतरही बदलली. कशामुळे, हे मला नीटसं सांगता येत नाही. पेशंटचं अंग जड लागतं आणि ते एका माणसाचं असतं, इतकंच काहीतरी.

त्या मजकुराखाली एकाने लिहिलं होतं, ‘हे सगळं दाभोलकरांनी शिकवलेलं’. दाभोलकर साताऱ्याचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात, डॉक्टर झाले मिरजेत, म्हणजे आमच्याकडे ते घरचेच. त्यांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली तेव्हापासून समिती हेच सांगत आली की देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. समितीत देव मानणारेही काम करतात. साताऱ्यात त्यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं व्यसनमुक्तीचं केंद्र आहे, तिथे आमच्या गल्लीतला एकजण बरा झाला. त्याला तिथे कुणी देव सोडायला सांगितलं नव्हतं, दारू सोडायला सांगितली. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, तेव्हा मारणाऱ्यांना कशाचं भय होतं आणि कशाचं नव्हतं, ते मजकूरवाल्याने सांगावं.

राहिला आयसीयूचा दरवाजा.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे, ऑक्सिजन ब्याऐंशीवर. त्या दिवसांत बेड मिळणं हीच मोठी गोष्ट होती. माझ्या ओळखीने मिळाला, आणि त्याची टोचणी अजून आहे, कारण ओळख नसलेले खाली रिक्षात बसले होते. भावाने वाडीला अभिषेकाचा नवस बोलला. मला म्हणाला, “तू पण बोल गं. तुझ्या बापासाठी तरी.” मी म्हटलं, दादा, मी त्यांचं सॅच्युरेशन बघते, तू नवस बघ. तो चिडला. मी तसं बोलायला नको होतं.

तिसऱ्या रात्री अण्णांना पालथं झोपवलं होतं. मशीनची टिकटिक चालू, पीपीई किटमध्ये घाम, चष्म्यावर वाफ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दत्ताची आरती पुटपुटते आहे. सबंध. एकही कडवं न चुकता.

आता वाजवा टाळ्या. सापडला ना नास्तिक.

पण ठेच लागली की आपण ‘आई गं’ म्हणतो. आई जाऊन वीस वर्षं झालेली माणसंसुद्धा म्हणतात. म्हणून आई धावत येते असं कुणी समजत नाही, आणि ओरडणाऱ्याला कुणी खोटारडाही म्हणत नाही. ती आरती मी बोलायला शिकले त्याच वयात शिकले, अण्णांच्या मांडीवर, त्यांच्या टाळ्यांच्या ठेक्यावर. अण्णा जाणार असं वाटलं तेव्हा अण्णांनीच दिलेलं तोंडात आलं. मी तेव्हा काही मागत नव्हते. मागायला कुणी आहे असं त्या क्षणीही वाटलं नाही, आणि तसं वाटावं अशी इच्छा मात्र फार झाली. इच्छा होणं आणि खात्री असणं यांत अंतर आहे. त्या रात्री ते मला अगदी जवळून दिसलं.

अण्णा वाचले. घरात अजून म्हणतात, नवसाला पावला. शेजारच्या बेडवर तासगावकडचा एक पस्तिशीतला माणूस होता. उशीखाली अंगारा, मनगटाला दोन दोरे, बायको खाली पायरीवर जप करत बसलेली. तो चौथ्या दिवशी गेला. तिचा जप भावाच्या नवसापेक्षा कुठे कमी पडला, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. ब्रह्मनाळची बोट २०१९ च्या पुरात उलटली तेव्हाही, त्या बोटीत देव न आठवलेलं कुणी असेल असं मला वाटत नाही. माणूस बुडताना देवाला हाक मारतो, हे खरंच आहे. ते माणसाबद्दल सांगतं. हाकेला उत्तर आलं का, हे त्याने कळत नाही.

दिवाळीच्या आधी नवस फेडायला सगळे वाडीला गेलो. मीही गेले. अण्णांना पायऱ्या उतरवत नव्हत्या, त्यांचा एक दंड भावाने धरला, एक मी. पादुकांपाशी ते वाकले, मी त्यांच्या कमरेला हात लावून उभी राहिले. परत वर आल्यावर अण्णांनी बर्फीचा पुडा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “फोड की. देवापुढं ठेवून झालाय.”

मग जरा थांबून, भावाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “न ठेवता दिला असता तरी तू खाल्ला असतास म्हणा.”

खाल्ला असता.