‘समुद्राच्या एका थेंबातले किडे’: त्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या आठवड्यात मुलीचे समुद्रात पोहणे बंद केले. कारण विचारले तेव्हा तिने एक संदेश पाठवला. तो याआधीही वेगवेगळ्या गटांतून माझ्यापर्यंत आला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकत होतो. त्यात गडद पार्श्वभूमीवर पारदर्शक, काटेरी, लांबट अशा असंख्य जिवांचे एक छायाचित्र आहे आणि खाली पुढील मजकूर आहे: ‘हा समुद्राच्या पाण्याचा फक्त एक थेंब आहे, २५ पट मोठा केलेला. पोहताना एक घोट पाणी तोंडात गेले की असे शेकडो किडे पोटात जातात आणि तिथे अंडी घालतात. खाडीत ते सर्वांत जास्त असतात, कारण ते घाणीवर वाढतात. कॉलरा यांच्यामुळेच पसरतो. जिथे माणसे पाण्यात उतरतात तिथे ब्लीचिंग पावडर टाकायला लावा.’ यातले एकच विधान अर्धे खरे आहे, आणि त्याचाच आधार घेऊन शेवटची सूचना केलेली आहे. ही सूचना कोणी खरोखर अमलात आणली तर होणारे नुकसान मोठे असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी छायाचित्राविषयी. चित्र खरे आहे. ते डेव्हिड लिट्श्वागर या छायाचित्रकाराने टिपलेले असून २००७ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये प्रसिद्ध झाले होते. मात्र त्यात दिसतो तो एक थेंब नाही. समुद्राच्या पाण्यात हातजाळी बुडवून वर काढल्यावर तिच्यात जे अडकले, त्याचे ते चित्र आहे. जाळीतून पाणी निघून जाते आणि जीव मागे राहतात. म्हणजे जाळीतून गेलेल्या साऱ्या पाण्यातले जीव इथे एकत्र आलेले आहेत. ‘एक थेंब’ हे शब्द चित्राला नंतर कोणीतरी चिकटवले आणि ते आजतागायत तसेच फिरत आहेत.

चित्राचा इतिहास ठाऊक नसला तरी साध्या हिशेबाने हा दावा कोसळतो. पाण्याचा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे एका लिटरात सुमारे २०,००० थेंब मावतात. थेंब गोल मानला तर त्याचा व्यास साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. चित्रात माशांची अंडी आहेत, खेकड्याचे पिल्लू आहे, आणि बाणासारखा सरळ, काचेसारखा पारदर्शक बाणकृमीही आहे. माशाचे तरंगते अंडे बहुधा एक मिलिमीटरच्या आगेमागे असते. बाणकृमीच्या अनेक जाती एक सेंटिमीटरपेक्षा लांब वाढतात. जो प्राणी थेंबापेक्षा दुप्पट लांब होतो, तो आणखी डझनभर सोबत्यांसह त्याच थेंबात कसा मावणार, हा प्रश्न संदेश पुढे पाठवणाऱ्या एकालाही पडू नये याचे मला वाईट वाटते.

आता दाटीचा हिशेब. प्रवाहाला तोंड देऊन हवे तिकडे पोहत जाण्याची ताकद नसलेल्या, पाण्याबरोबर वाहणाऱ्या जिवांना प्लवक म्हणतात. त्यांतले प्राणी ते प्राणिप्लवक. त्यांचा नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. साधारण २०० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांची शंकूच्या आकाराची जाळी बोटीमागून ओढतात, जाळीच्या तोंडाशी बसवलेले प्रवाहमापक किती पाणी आत गेले ते सांगते, आणि प्रयोगशाळेत मोजलेली संख्या घनमीटरामागे किती, अशी मांडली जाते. किनाऱ्याजवळच्या आणि खाड्यांच्या सुपीक पाण्यात हा आकडा काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंत असतो. घनमीटराला १०,००० प्राणी धरले, तर लिटराला १० झाले आणि २,००० थेंबांमागे एक. जाळी अधिक बारीक घेतली तर नुकती जन्मलेली पिल्लेही अडकतात आणि आकडा कित्येक पटींनी वाढतो, हे खरे. तो दहापट वाढला असे मानले तरी २०० थेंबांमागे एकच प्राणी येतो.

थेंबात काहीच नसते असे मात्र मी म्हणत नाही. समुद्राच्या एका मिलिलिटरात साधारण दहा लाख जिवाणू असतात आणि विषाणू त्याच्या दहापट. म्हणजे थेंबात ५०,००० जिवाणू सहज निघतील. पण ते त्या चित्रात दिसत नाहीत, आणि संदेश त्यांच्याविषयी बोलतही नाही.

पोटात अंडी घालण्याचा दावा याहून लवकर निकालात निघतो. एक घोट म्हणजे २५ ते ३० मिलिलिटर पाणी. वरच्या हिशेबाने तीन-चार घोटांमागे एखादा प्राणी पोटात जाईल, आणि तो बहुतेक वेळा कोपेपॉड असेल. कोपेपॉड हा कोळंबी आणि खेकड्यांच्या गोतावळ्यातला, एक-दोन मिलिमीटरचा कवचधारी प्राणी. समुद्री प्राणिप्लवकांत संख्येने सर्वांत जास्त तोच. त्याला खारे पाणी, त्यात विरघळलेला प्राणवायू आणि खायला सूक्ष्म शैवाल लागते. जठरातल्या आम्लात तो तग धरत नाही. कोळंबी पचते तसा तोही पचतो.

या भीतीचे मूळ मला नारू या जंतांच्या रोगात दिसते. नारूचे जंत खरोखरच एका कोपेपॉडच्या, सायक्लॉप्सच्या, शरीरातून माणसात शिरत असत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. आता वर्षाकाठी मोजकेच रुग्ण आढळतात. परंतु तो सायक्लॉप्स साचलेल्या गोड्या पाण्यात राहणारा होता, ते पाणी लोक पीत होते, आणि माणसाच्या शरीरात वाढत होता तो जंत. सायक्लॉप्स तर पोटात गेल्यावर मरूनच जात असे. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यातून नारू होत नाही.

खाडीतले ‘किडे’ घाणीवर वाढतात, हे तिसरे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात खाडीचे सगळे कामच उलटे करून सांगितले आहे. खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत काही किलोमीटरांच्या अंतरात ही क्षारता शून्यापासून ३५ पर्यंत बदलते, आणि एकाच जागी भरती-ओहोटीबरोबर दिवसातून अनेकदा वरखाली होते. हे चढउतार सोसणाऱ्या जाती थोड्या आहेत. पण ज्या सोसू शकतात त्यांच्यासाठी नदीने आणलेली पोषकद्रव्ये, त्यांवर वाढणारे शैवाल आणि कुजलेल्या पानांचे कण असा भरपूर आहार तयार असतो. म्हणून खाडीत जाती कमी आणि प्रत्येक जातीची संख्या अफाट, असे चित्र जगभर दिसते. अकार्शिया आणि युरिटेमोरा ही अशा कोपेपॉडांची दोन ठळक नावे.

या प्राण्यांना ‘किडे’ म्हणणाऱ्याने एकदा जिवंत नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. अकार्शियाचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते, आतली अन्ननलिका खाल्लेल्या शैवालाने हिरवट-तपकिरी दिसते, डोक्यावर एकच डोळ्याचा ठिपका असतो, आणि शरीराच्या लांबीइतक्या दोन शृंगिका, म्हणजे स्पर्श जाणणाऱ्या मिशा, आडव्या पसरलेल्या असतात. त्यांवरच्या केसांना जवळच्या पाण्याची किंचित हालचाल जाणवली, की तो सेकंदाला आपल्या लांबीच्या शेकडो पट वेगाने उडी घेतो आणि नजरेच्या टप्प्यातून निघून जातो. प्रवाहात तो अगदीच हतबल नसतो. ओहोटी दिवसातून दोनदा पाणी समुद्राकडे ओढून नेत असताना खाडीतले प्राणिप्लवक खाडीतच कसे टिकतात, याचे उत्तर त्यांच्या वरखाली जाण्यात आहे. युरिटेमोरासारख्या जाती भरतीच्या वेळी वरच्या वेगवान थरात येतात आणि ओहोटीच्या वेळी तळाजवळच्या संथ पाण्यात उतरतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा निळा खेकडा हेच उलट्या क्रमाने करतो. मादी खाडीच्या मुखाशी येऊन पिल्ले सोडते, ती बाहेरच्या समुद्रात वाढतात, आणि पुढच्या अवस्थेत रात्रीच्या भरतीवर स्वार होऊन खाडीत परततात. संदेशातल्या चित्रातला काटेरी ‘किडा’ म्हणजे असेच खेकड्याचे पिल्लू आहे.

घाणीच्या मुद्द्यात सत्याचा अंश आहे, तोही सांगतो. सांडपाण्यामुळे नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की काही सोशिक जाती प्रचंड वाढतात आणि नाजूक जाती नाहीशा होतात. त्यामुळे एकाच जातीची अवाजवी गर्दी हे प्रदूषणाचे लक्षण असू शकते. पण ते ठरवण्यासाठी जाती ओळखून मोजाव्या लागतात आणि क्षारता, ऋतू व भरतीची वेळ लक्षात घ्यावी लागते. नुसते पुष्कळ प्राणी दिसले म्हणून पाणी घाण ठरत नाही.

आता कॉलरा. इथे मला नाइलाजाने थोडे मान्य करावे लागते. कॉलऱ्याचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलेरी, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात माणसाविनाही राहतो आणि कोपेपॉडच्या कायटिन या चिवट पदार्थाच्या कवचाला चिकटतो. एका कोपेपॉडवर असे हजारो जिवाणू असू शकतात. अन्वर हक, रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा संबंध दाखवून दिला. पण याच संशोधकांनी पुढे काय केले ते संदेश लिहिणाऱ्याने वाचलेले दिसत नाही. प्राणिप्लवक मारून टाका, असे त्यांनी कुठेही सुचवले नाही. त्यांनी बांगलादेशातल्या ‘मतलब’ नावाच्या भागात ६५ गावांतल्या सुमारे १,३३,००० लोकांसह एक चाचणी घेतली. बायकांना तळ्या-नद्यांचे पिण्याचे पाणी जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून गाळायला सांगितले. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाच्या चार घड्या झाल्या की छिद्रे सुमारे २० मायक्रोमीटरपर्यंत बारीक होतात. एकटा जिवाणू त्यांतून निसटतो, पण कोपेपॉड अडकतो आणि त्याला चिकटलेले जिवाणूही त्याच्यासोबत अडकतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले.

या एका अभ्यासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. धोका न गाळलेले, न उकळलेले पाणी पिण्यात आहे. आणि प्राणिप्लवक गाळून काढूनही कॉलरा निम्म्याच्या आसपासच घटला; रुग्णाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्या-अन्नातूनही तो पसरत राहतो. पाण्यात आढळणाऱ्या व्हिब्रिओ कॉलेरीचे बहुतेक प्रकार साथ आणतही नाहीत. साथीला कारण ठरतात ते ओ१ आणि ओ१३९ हे गट. तेव्हा ‘कॉलरा यांच्यामुळेच पसरतो’ यातला ‘च’ खोटा आहे.

उरली ब्लीचिंग पावडर. विहिरीच्या किंवा टाकीच्या बंदिस्त, गोड्या पाण्यात ती मापाने टाकणे योग्य आहे. भरती-ओहोटीच्या पाण्यात मात्र दर काही तासांनी पाणीच बदलते, आणि तरंगता गाळ व सेंद्रिय पदार्थ क्लोरीन चटकन संपवून टाकतात. त्यामुळे थोडी पावडर टाकून जंतूंवर काही परिणाम टिकत नाही, आणि परिणाम होईल इतकी टाकली तर सर्वांत आधी मरतात ते पळून जाऊ न शकणारे जीव: प्राणिप्लवक, माशांची अंडी, कोळंबीची आणि शिंपल्यांची पिल्ले. शिवाय समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असते; क्लोरीनची त्याच्याशी क्रिया होऊन ब्रोमोफॉर्मसारखी संयुगे बनतात. पोहणाऱ्या मुलांच्या रक्षणासाठी सुचवलेला हा उपाय म्हणजे त्याच मुलांना अशा पाण्यात उतरवणे आहे.

आणि समजा, हे प्राणी खरोखर नाहीसे झाले, तर पुढे काय होईल? अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माशाच्या पिल्लाला बलक संपण्याच्या आत त्याच्या तोंडात मावेल एवढे भक्ष्य मिळावे लागते, आणि ते भक्ष्य बहुतांशी कोपेपॉडची पिल्ले असतात. ती मिळाली नाहीत तर काही दिवसांत मासा मरतो. दुसरीकडे, सूक्ष्म शैवाल दिवसागणिक दुपटीने वाढू शकते, तर अंड्यापासून प्रौढ कोपेपॉड व्हायला उबदार पाण्यातही आठवडा-दोन आठवडे लागतात. चरणारे मेले की शैवाल मोकाट वाढते, मग कुजते, आणि पाण्यातला प्राणवायू संपवते.

प्राणिप्लवक घटले की काय होते, हे काळ्या समुद्राने दाखवून दिलेले आहे. जहाजांनी समतोलासाठी भरून आणलेल्या पाण्यातून म्नेमिऑप्सिस हा जेलीसारखा प्राणी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोहोचला. तो स्वतःही प्राणिप्लवकच, पण इतर प्राणिप्लवक आणि माशांची अंडी-पिल्ले अधाशीपणे खाणारा. त्या दशकाच्या अखेरीस त्याची संख्या कमालीची वाढली आणि अँकोव्ही माशाची पकड कोसळली. अतिमासेमारीही तिथे होत होतीच. तरीही पिल्लांचे अन्न आणि खुद्द पिल्ले एकाच वेळी फस्त होणे हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. १९९७ मध्ये म्नेमिऑप्सिसलाच खाणारा बेरोए हा दुसरा जेलीसारखा प्राणी तिथे आल्यावर परिस्थिती सुधारू लागली.

ज्यांना मुलांना पाण्यात उतरवण्याआधी खरोखर काही तपासायचे आहे, त्यांनी जवळपास सांडपाण्याचा नाला येऊन मिळतो का ते पाहावे, आणि जोरदार पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस थांबावे, कारण तेव्हा विष्ठेतले जिवाणू किनाऱ्यावर वाढलेले असतात. अंगावर उघडी जखम असेल, तर उबदार निमखाऱ्या पाण्यात उतरू नये. तिथे व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू जखमेतून शिरू शकतो, आणि यकृताचा आजार असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. पाण्याचा रंग अचानक लालसर किंवा दाट हिरवा झाला असेल, मेलेले मासे दिसत असतील, किंवा दंश करणारे जेलीफिश किनाऱ्याला लागले असतील, तर त्या दिवशी पोहू नये.