त्या पोरीला ‘सरळ बस’ म्हणणं थांबवा

आज एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या 13 वर्षांच्या लेकीला स्कोलिओसिस, म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूला बाक, असल्याचं नुकतंच कळलंय. 29 अंशांचा बाक, डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे कपड्यांखाली धडाभोवती बांधायचं कवच, सांगितलाय. पोरगी सोफ्याच्या टोकाला गप्प बसलेली आणि घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई तिच्यादेखत म्हणाल्या, “दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते, मग दुसरं काय होणार!” पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी तिथे बोलले ते बोललेच, पण घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये.

मोबाइलने होत नाही हे. दप्तराच्या ओझ्याने होत नाही. पोक काढून बसल्याने होत नाही. कणा बाजूला झुकतो आणि झुकता झुकता स्वतःभोवती पिळतोही, म्हणून पाठीची एक बाजू वर आलेली दिसते. दहातल्या आठ जणांमध्ये नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. आणि तुम्ही ते सोफ्यावर बसल्या बसल्या शोधून काढता!

मी शाळेत होते तेव्हा पीटीच्या तासाला सर रांगेतून फिरायचे. एकदा माझ्या मागे येऊन थांबले, उजवा खांदा धरून खाली दाबला, म्हणाले, “सरळ उभी राहा.” मी सरळच उभी होते. त्यांनी हात काढला, खांदा परत होता तिथे आला. पुन्हा दाबला, या वेळी जोरात. मागे मुली फिदीफिदी हसल्या. तोवर आपल्या पाठीत काही वेगळं आहे हे मला माहीतही नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की मी काहीतरी चुकीचं करतेय आणि ते मला थांबवता येत नाहीये.

हो, पोक काढून बसू नये, पाठ-मान दुखते, मान्य. पण तो विषयच वेगळा आहे.

पुढे मला ब्रेस लागला. हाडं वाढत असताना, बाक साधारण 25 ते 40 अंशांच्या मध्ये असला की देतात. तो असलेला बाक सरळ करण्यासाठी नसतो, आणखी वाढू नये म्हणून असतो. दिवसाचे 18 तास तरी घालायला सांगतात आणि तेवढे घालावेच लागतात. जितके तास जास्त तितका उपयोग जास्त, हे 2013 साली एका मोठ्या अभ्यासातही दिसलंय. तेव्हा ‘एवढा वेळ कशाला, बिचारी घुसमटते’ म्हणून पट्टे सैल करणाऱ्या मावश्या-काकूंनी कृपा करावी. घुसमटतेच ती. कडक प्लास्टिक असतं, आत घातलेल्या बनियनला एक चुणी पडली तरी कमरेवर लाल वळ उठतो. वर्गात सगळे लिहीत असताना पट्टा जरा सैल करावा तर वेलक्रोचा तो फर्र आवाज, आणि सगळ्या माना वळायच्या. दर वेळी मला खांद्यावरचा तो हात आठवायचा.

माझा बाक 38 वर थांबला, ऑपरेशनची वेळ आली नाही. ज्यांचा 50च्या पुढे जातो त्यांच्या पाठीत रॉड आणि स्क्रू बसवावे लागतात, आणि त्यांनाही लोक विचारतात, “एवढं करायची खरंच गरज होती का?” काय बोलायचं!

‘स्वतःच्या शरीरावर प्रेम करा’ असं सगळे सांगतात. मला रोज नाही जमत. आरशात पाठ दिसली की अजूनही नजर आधी त्या वर आलेल्या उजव्या बाजूवर जाते. पण राग राहिलेला नाही. मध्ये एका टेलरबाईंनी माझं माप घेताना दोन्ही खांद्यांची मापं वेगवेगळी घेतली, वहीत एकाखाली एक लिहिली आणि पुढच्या मापाकडे वळल्या. ना ‘अगंबाई’, ना काही प्रश्न. तो कुर्ता अंगावर नीट बसला तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं मी कपड्यासाठी खांदा खाली दाबत होते, अगदी त्या सरांसारखी. कपडाच माझ्या मापाने शिवता येतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आज त्या पोरीला सांगितलं की उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे आणि तो 2009 साली बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत धावला. तेव्हा कुठे तिने मान वर केली. नंतर हळूच विचारलं, “ब्रेस युनिफॉर्मच्या वरून दिसतो का?” तिची काळजी एवढीच आहे हो. दिसतो थोडा, म्हटलं, शर्ट एक माप मोठा घे.

त्या बाई वाईट नाहीत, काळजीपोटी बोलल्या, हेही कळतं मला. पण ते सरही वाईट नव्हते.

तुमच्या घरात दहा ते पंधरा वर्षांचं मूल असेल तर त्याला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात मोकळे सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, ते गरज वाटली तर एक्स-रे काढून कोन मोजतील. 10 अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतही नाहीत. जास्त निघाला तर ते सांगतील तसं करा. आणि घरी परतताना ‘तरी मी सांगत होते’ हे वाक्य मुलासमोर काढू नका.