अस्वल थंडीत झोपतं? आपल्याकडचं नाही झोपत!

थंडी पडू लागली की विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. वर फोटो, नदीत मासा पकडून उभ्या असलेल्या काळ्याकुट्ट अस्वलाचा. खाली मजकूर: अस्वल हिवाळाभर झोपतं, म्हणून सरपणाला, बोरांना बिनधास्त जंगलात जा. मोहाच्या दिवसांत मात्र जपा, कारण मोह खाऊन ते झिंगतं नि माणसाच्या मांसासाठी अंगावर येतं. आलंच तर झाडावर चढा, त्याला चढता येत नाही.

यातलं ‘जपा’ एवढंच खरं.

आधी झोपेचं. फोटोतलं जनावर अमेरिकेतलं. तिथलं काळं अस्वल वसंतात गवत नि कोवळे कोंब खातं, उन्हाळ्यात रानफळं नि मुंग्या, आणि थंडीच्या तोंडावर ओकची फळं. त्या शेवटच्या दिवसांत ते रोज 15 ते 20 हजार कॅलरी पोटात ढकलतं, कारण पुढे बर्फात खायला काही मिळणार नसतं. मग उत्तरेकडे पाच-सहा महिने न खाता-पिता पडून राहतं. (मासा बहुतेकांच्या नशिबी नसतोच, त्याचा बराचसा आहार झाडपाल्याचाच.)

मेळघाटात, ताडोब्यात पौषात असं काय संपतं? बोरं तेव्हाच पिकलेली असतात आणि उधई तर बारमाही. जानेवारीत जंगलातल्या पायवाटेवर अस्वलाची विष्ठा दिसली तर काडीने उकरून पाहा: बोरांच्या बिया नि मुंग्यांची टरफलं हमखास सापडतील. झोपलेलं जनावर हे खाणार कधी? खरं एवढंच, की मादी थंडीत गुहेत किंवा बिळात पिल्लं घालते आणि सुरुवातीचे काही आठवडे फारशी बाहेर पडत नाही. पण ती जागी असते. मेसेजवर विसंबून सरपणाला गेलेली बाई कपारीपाशी वाकते, ती नेमकी तिच्या दारात.

आता मोह. पहाटे गळलेलं ताजं फूल गोड असतं, दारू नसतं. दारू व्हायला ते भिजवून आंबवावं लागतं, आणि ते काम माणूस करतो. मार्च-एप्रिलमध्ये माणसं जखमी होतात त्याचं कारण साधं आहे: झाड एक, वेळ एक, गिऱ्हाइकं दोन. उजाडायच्या आत टोपली घेऊन बायका निघतात, त्याच वेळी अस्वल झाडाखाली फुलं वेचत असतं. त्याची नजर अधू, खाण्यात गुंगलं की कानही जागेवर नसतात. माणूस चार पावलांवर आला की ते दचकतं. म्हणून एकटीने जाऊ नये, नीट उजाडू द्यावं, मोठ्याने बोलत जावं. मोह सरला की टेंभरं, मग जांभळं. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की पुन्हा वारुळं.

मांसाचं थोडक्यात. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतातच. त्या फटीतून ते भात्यासारखी हवा ओढून उधई खेचतं; शांत जंगलात हा आवाज बऱ्याच लांबवर ऐकू येतो. मेलेलं ढोर दिसलं तर कधीमधी तोंड लावेल, पण माणूस हे त्याचं खाणं नव्हे.

आणि झाड! मधाच्या पोळ्यासाठी ते सर्रास झाडावर चढतं. उलट धोका दिसला की झाडावर चढून बसायची सवय त्या अमेरिकेतल्या अस्वलाला आहे. तिथली आई पिल्लांना वर पिटाळते. आपल्याकडे वाघ-बिबट्याच्या राज्यात वाढलेली आई पिल्लं पाठीवर घेते आणि उभी राहून भिडते.