मान धरली, मान गेला

गेल्या शनिवारी, भर बाजाराच्या दिवशी, माझ्याच दुकानाच्या ओट्यावर, माझे ५,४०० रुपये थकवलेल्या माणसाने मला तीन लाथा मारल्या. आणि "मार बापा एकदाची" असं मीच त्याला म्हणालो होतो.

झालं एवढंच की गुरुवारी सकाळी उठलो तर मान डावीकडे वळलेली आणि तिथेच थांबलेली. उजवीकडे न्यायला गेलो की कानामागून पाठीच्या पात्यापर्यंत तार ओढल्यासारखी कळ. आमच्याकडे याला 'मान धरली' म्हणतात. कोणी धरली ते कोणी सांगत नाही. आई म्हणाली, कूलरची हवा लागली. शेजारचे काका म्हणाले, पित्त. बायको म्हणाली, मोबाईल. तिच्या मते माझ्या सगळ्या आजारांचं मूळ मोबाईल आहे, मूळव्याधीसकट.

माझं कृषी केंद्र आहे, आणि या धंद्यात मान हे अवजार आहे. मिरगाच्या तोंडावर रोज चाळीस माणसं उधारी मागायला येतात. तोंडाने 'नाही' म्हटलं की माणूस दुखावतो आणि पुढच्या वर्षी समोरच्या दुकानात जातो. म्हणून मी बोलत नाही. वहीत बघत नुसती मान हलवतो. उजवी-डावी, हळू, जरा खेदाने. बावीस वर्षांची कमाई आहे ती. गुरुवारपासून ती बंद पडली. वर-खाली मात्र थोडी होत होती. म्हणजे 'हो' चालू, 'नाही' बंद. गावात ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण दोन दिवसांत डीएपी खताच्या अकरा थैल्या उधारीत गेल्या.

शुक्रवारी तालुक्याला गेलो. चौदा किलोमीटर. रस्त्यावर तीन वर्षांपासून गिट्टी टाकून ठेवली आहे, डांबर काही आलेलं नाही. काळी-पिवळीत मला डाव्या खिडकीशी बसवलं, त्यामुळे वाटेतली सगळी डावी बाजू मी इतक्या बारकाईने पाहिली की कोणाच्या शेतात वखरण राहिलंय ते आता तोंडपाठ आहे. उजव्या बाजूला एक साडू राहतो. तो हात करत होता म्हणे. मी तोंड फिरवून गेलो, असं आता सगळ्या सोयऱ्यांत झालंय.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. पडलात का, ताप आहे का, हातात मुंग्या येतात का, असं विचारलं आणि त्यांची दोन बोटं घट्ट दाबायला लावली. ताप असून मान ताठ झाली, किंवा हाताची ताकद गेली, तर एक दिवससुद्धा घरी थांबायचं नाही म्हणाल्या. माझं तसं काही नव्हतं. पाठीच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापासून मानेच्या वरच्या चार मणक्यांपर्यंत एक स्नायू जातो, तो खांदा उचलतो. तो रात्रभर वेडावाकडा ताणला गेला की घाबरून आखडतो. आखडला की दुखतो, दुखला की आणखी आखडतो. कूलरचा दोष कमी, माझ्या झोपण्याचा जास्त. कारण मी पालथा झोपतो, तोंड डावीकडे करून, दोन उशांवर. उशा घरच्या कापसाच्या, बारा वर्षांपूर्वी भरलेल्या. पिंजल्या नाहीत म्हणून आता त्यांचं धोंड्यात रूपांतर झालंय. कापसाच्या जिल्ह्यात राहून दगडावर डोकं ठेवणारा शहाणा मी. आणि डोकं काही हलकं नसतं, पाचेक किलोचं असतं. (माझं रिकामं आहे, पण वजन तेवढंच भरतं, असं घरून कळलं.)

मानेत मणके सात. जिराफाच्याही मानेत सातच, हेही बाईंनी सांगितलं. परतताना सगळा वेळ डोक्यात तेच. जिराफाची मान धरली तर तो कोणत्या तालुक्याला जात असेल?

"फोटो काढायचा का?" मी विचारलं. नको. "सुई?" नको. पॅरासिटामॉल, दिवसातून तीन-चारदा पंधरा-वीस मिनिटं शेक, पट्टा बांधायचा नाही, पडून राहायचं नाही, दुखणार नाही तेवढी मान हलवत राहायची. चार-पाच दिवसांत, फार तर आठवड्यात सुटते. आणि कटिंगच्या दुकानात मान मोडून घ्यायची नाही. मणक्यांमधून मेंदूला जाणारी रक्ताची नळी असते, झटक्याने ती फाटली तर लकवा मारू शकतो. हे ऐकून घाम फुटला. आदल्याच दिवशी आमच्या न्हाव्याने दोन्ही हात माझ्या हनुवटीला लावले होते. फोन वाजला म्हणून वाचलो. मोबाईलचा हा एक उपकार मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

सुई न देणाऱ्या डॉक्टरवर आमच्या गावाचा विश्वास नाही. शनिवारी ओट्यावर तीच चर्चा होती, तेवढ्यात पायाळू आला.

तो जन्मताना पायाकडून आला. अशा माणसाचा पाय लागला की उसण, लचक, सगळं जातं म्हणतात. मला तो शाळेपासून माहीत आहे. पायाळूवर वीज पडते, म्हणून आभाळ आलं की तो शेतात जात नाही. शेतात जात नाही म्हणून पीक नाही. पीक नाही म्हणून दोन हंगामांपासून माझे पैसे नाहीत. १,३५० ची एक, अशा चार थैल्या. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. माझ्या वहीत उघड्यावर पडलेलं त्याला दिसत नाही.

"कावून बे, मान धरली म्हंते तुही?"

"हाव."

"मंग मले बलावलं कावून नाही? मी मेलो का?"

"दवाखान्यात जाऊन आलो."

"त्या बाईले काय समजते? सुई तरी देली का तिनं?"

ओट्यावरचे सहा जण एकदम म्हणाले, "नाही देली." जणू सुई त्यांच्या हक्काची होती.

त्याने चप्पल काढली. हा त्याचा मोठेपणा. मग नियम सांगितले. उपाशी पोटी पाहिजे.

"पोळी खाल्ली," मी म्हणालो.

"पोयी चालते. भात नाही ना खाल्ला?"

तोंड उगवतीला पाहिजे. माझं धड उगवतीला केलं तर तोंड उत्तरेला जात होतं, तोंड उगवतीला केलं तर धड दक्षिणेला. यावर पाच मिनिटं वाद झाला. शेवटी धड धरायचं ठरलं. मग लक्षात आलं की पाय मानेपर्यंत पोचत नाही. मला खाली बसवलं. तरी पोचेना, कारण त्याचा गुडघा दुखतो. (स्वतःचा गुडघा का बरा होत नाही, हे विचारायची ती वेळ नव्हती.) तेव्हा दोघा पोट्ट्यांनी दुकानातून डीएपीच्या दोन थैल्या ओढून आणल्या आणि तो त्यावर चढला. माझ्याच खतावर उभा राहून, माझ्याच शटरला धरून.

"हासू नको. हासला तं गुण येत नाही."

कोण हसत होतं? मला मानेवर टाच जाणवत होती. वखरलेल्या काळ्या मातीच्या भेगांसारख्या भेगा, मधे खरंच माती. एक. "जोरानं मार नं बे," मागून कोणीतरी. दोन. एक पोट्टा मोबाईल धरून उभा. तीन.

"फरक पडला?"

मी त्याला उत्तर द्यायला वळलो. मान वळत नव्हती, म्हणून कमरेपासून आख्खा वळलो.

"फिरली! फिरली!"

टाळ्या वाजल्या. भाजी घ्यायला आलेल्या बायका थांबल्या. मी सांगत होतो की मान नाही, मी फिरलोय. कोणी ऐकेना. मराठीत मान स्त्रीलिंगी असेल तर ती दुखते, पुल्लिंगी असेल तर तो दुखावतो. माझं दोन्ही एकदम चालू होतं.

"किती झाले?" मी चिडून विचारलं.

"पैसे घेत नाही मी याचे. घेतले तं पायाचा गुण जाते." मग पायाखालच्या थैल्यांकडे बघून, "ह्या दोन लिहून घे माह्या नावावर." मी मान हलवायला गेलो. फक्त वर-खाली झाली.

सोमवारी मान बरीच सुटली, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. शेक मी दिला, गोळ्या मी खाल्ल्या, उशी एक केली, उताणा झोपायला लागलो. गुण पायाचा. गावाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आहे. माझी कळवळलेली तोंडं सोडून सगळं स्पष्ट दिसतं.

घरी शेकायची पिशवी भरताना बायको सहज म्हणाली, "माही मान तं सहा-सात वर्षांपासून दुखते. निंदायला वाकलं की सुरू होते." मी म्हटलं, मग बोलली नाहीस? म्हणाली, बोलली होती, तुम्ही मोबाईल पाहात होते. उरलेला शेक तिला दिला. पाणी कोमट झालं होतं.

काल बाजूच्या गावचा एक माणूस आला. त्याची मान उजवीकडे धरलेली, माझी अजून डावीकडे जरा कललेली. आम्ही पाऊण तास बोललो, तो रस्त्याकडे बघून आणि मी युरियाकडे बघून. ताप आहे का, मुंग्या येतात का, सगळं विचारलं. शेक कसा द्यायचा, उशी किती, पालथं झोपायचं नाही, मान कोणाला मोडू द्यायची नाही, जीव तोडून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत हूं हूं केलं.

"थे समदं ठीक हाय, भाऊ," तो म्हणाला. "पण पायाळू इथं किती वाजता बसते?"